आधी पोचलेले मागे कसे पडतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: लेफ एरिकसन कोलंबसाच्या जवळजवळ पाचशे वर्षं आधी अमेरिकेत पोचला होता, मॅगेलन तर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी व्हायच्या आतच मारला गेला, तरी पाठ्यपुस्तकात कोलंबस आणि मॅगेलनच का? बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?

जुनी प्रवासवर्णनं, जहाजांच्या रोजनिश्या आणि नकाशे वाचणं, त्यांच्या सूच्या करणं हे माझं गेल्या पंचवीसेक वर्षांचं काम. या प्रश्नाला दोन उत्तरं हमखास मिळतात. एक म्हणजे, जो पहिला पोचला किंवा ज्याने जास्त धाडस केलं त्याचं नाव झालं. दुसरं हल्ली जास्त ऐकू येतं: इतिहास युरोपियनांनी लिहिला, म्हणून त्यांचीच नावं राहिली. पहिलं साफ चूक आहे. दुसरं अर्धं खरं आहे, पण एकाच ताफ्यातल्या दोन युरोपियनांपैकी एकाचं नाव होतं आणि दुसऱ्याचं होत नाही, हे कोडं त्याने सुटत नाही. मला विचाराल तर नाव समुद्रावर ठरतच नाही. ते परत आल्यावर टेबलापाशी ठरतं. लेखणी कुणाच्या हातात होती, तो कागद कुठवर गेला आणि पुढे कुठल्या पिढीला त्या नावाची गरज पडली, एवढं शोधलं की बहुतेक गाठी सुटतात.

लेफ एरिकसनचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात फार गुंता नाही. नॉर्स, म्हणजे लेफसारखे उत्तर युरोपातले दर्यावर्दी लोक, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटापर्यंत गेले होते, यात आता शंका उरलेली नाही. १९६० साली हेल्गे आणि आन स्टीने इंगस्टाड या जोडप्याला तिथे लान्स ओ मेडोज इथे त्यांच्या घरांचे अवशेष सापडले, आणि २०२१ साली तिथल्या लाकडांच्या अभ्यासातून ती झाडं १०२१ मध्ये तोडली गेल्याचं निघालं. लेखी पुरावाही अगदीच नव्हता असं नाही. ब्रेमेनच्या अ‍ॅडमने १०७५ च्या सुमारास ‘विनलंड’ या नावाने त्या भूमीचा उल्लेख केला आहे. पण तो एका चर्चच्या इतिहासातला ओझरता उल्लेख. आइसलंडच्या गाथा लिहून निघाल्या तेराव्या शतकात, त्याही अशा भाषेत की बाहेरच्या कुणाला वाचता येऊ नये. मुख्य म्हणजे त्या वाटेने पुन्हा कुणी वस्ती करायला गेलं नाही. ज्या शोधाच्या मागून दुसरं जहाज निघत नाही, तो शोध त्या घराण्याची आठवण बनून राहतो.

आता कोलंबस. इथे जरा थांबू, कारण १४९३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जे घडलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे.

कोलंबस निघाला तीन जहाजं घेऊन. त्यातल्या ‘पिंता’चा कप्तान होता मार्तिन अलोन्सो पिन्सोन, पालोस बंदरातला वजनदार नाखवा. खलाशी जमवले ते बरेचसे त्याच्या शब्दावर, कारण या परक्या माणसाबरोबर अज्ञात समुद्रात जायला लोक तयार नव्हते. परतीच्या वाटेवर फेब्रुवारीत वादळ झालं आणि दोन्ही उरलेली जहाजं एकमेकांपासून तुटली. दुसरा बुडाला असावा असं दोघांनाही वाटलं असेल. पिन्सोन स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावर बायोना इथे लागला, कोलंबस युरोपच्या मुख्य भूमीला लागला त्याच्याही आधी. तिथून त्याने राजाराणीला पत्र धाडलं. कोलंबस मार्चच्या चार तारखेला लिस्बनला पोचला. पंधरा मार्चला दोघंही पालोसला आले, एकाच दिवशी, थोड्या तासांच्या अंतराने. पिन्सोन आजारी होता. काही दिवसांतच तो गेला.

त्याच सुमारास कोलंबसाचं पत्र वाटेला लागलेलं होतं. त्याने ते जहाजावरच लिहायला घेतलं होतं, वरची तारीख १५ फेब्रुवारीची. बार्सेलोनात ते छापलं गेलं. रोममध्ये लॅटिन भाषांतर निघालं, आणि १४९३ साल संपायच्या आत पॅरिस, बाझल, अँटवर्प इथल्या छापखान्यांतून त्याच्या आवृत्त्या बाहेर पडल्या. इटालियन भाषेत तर ते पद्यात बांधून काढलं. रोमची लॅटिन आवृत्ती म्हणजे अवघी चार पानं, पाठपोट आठ पृष्ठं. एका बैठकीत वाचून व्हावं असं चोपडं. मुद्रणकला युरोपात रुळून जेमतेम चार दशकं झाली होती आणि छापखानेवाल्यांना असाच छोटा, स्वस्त, नवलाचा मजकूर हवा असे. जाड ग्रंथापेक्षा तो पटकन खपतो.

पत्रात काय आहे यापेक्षा काय नाही ते बघा. पिन्सोनचं नाव नाही. खलाशांची कुरबुर नाही. ‘सांता मारिया’ खडकावर चढून फुटली, त्याबद्दल अवाक्षर नाही. उलट मागे ठेवलेल्या माणसांसाठी एक जहाज ठेवून आलो, असं सहज लिहून टाकलंय. आणि जमीन पहिल्यांदा दिसली ती १२ ऑक्टोबर १४९२ च्या पहाटे ‘पिंता’वरच्या ज्या खलाशाला, त्या रोद्रिगो दे त्रियानाचंही नाव नाही. जो आधी जमीन बघेल त्याला दरसाल दहा हजार मारावेदी (तेव्हाची स्पॅनिश नाणी) मिळणार होते. कोलंबसाने दावा केला की आदल्या रात्री दहाच्या सुमाराला आपल्याला लांबवर उजेड दिसला होता. ती रक्कम त्यानेच पदरात पाडून घेतली.

लबाडी म्हणा हवं तर. मला मात्र त्यात दुसरं काहीतरी दिसतं. या माणसाला कागदाची ताकद कळली होती. त्याच्या वारसांनाही कळली होती. ठरलेले हक्क मिळावेत म्हणून त्यांनी सरकारशी वर्षानुवर्षं खटले लढवले, आणि मुलगा एर्नांदो याने बापाचं चरित्रच लिहून ठेवलं, जे १५७१ मध्ये व्हेनिसला छापून निघालं. पिन्सोनची बाजू मांडणाऱ्या पालोसच्या खलाशांच्या साक्षी आहेत, नाही असं नाही. त्या आहेत त्याच खटल्यांच्या दफ्तरात, सरकारी वकिलाने कोलंबस घराण्याला खोटं पाडण्यासाठी गोळा केलेल्या. दफ्तरात पडलेली साक्ष आणि चार पानांचं छापील चोपडं यांची शर्यत लागली तर कोण जिंकणार ते उघड आहे.

मग खंडाला नाव अमेरिगो वेस्पुचीचं कसं लागलं? लोक त्याला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणतात. हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्या नावाची जी पत्रं १५०३ पासून छापून निघाली त्यांत ‘हे आशियाचं टोक नसून नवं जग आहे’ असं स्पष्ट म्हटलं होतं, आणि ती कोलंबसाच्या पत्रापेक्षाही जास्त खपली. ती फ्रान्सच्या सीमेवरच्या सां-दिए या छोट्या गावात काही विद्वानांच्या हाती पडली. त्यातल्या मार्टिन वाल्डझेम्युलरने १५०७ च्या आपल्या भल्यामोठ्या जगाच्या नकाशावर दक्षिणेकडच्या भूभागावर ‘अमेरिका’ असं छापलं. वेस्पुचीने तसं मागितल्याचा कसलाही पुरावा नाही. गंमत पुढे आहे. १५१६ मध्ये त्याच वाल्डझेम्युलरने नवा नकाशा काढला, तेव्हा ते नाव त्याने गाळलं. बहुधा चूक लक्षात आली असावी. पण पहिल्या नकाशाच्या हजारभर प्रती तोवर जगात गेल्या होत्या आणि दुसरे नकाशाकार त्यावरून उतरवून घेत होते. १५३८ मध्ये मर्केटर या नकाशाकाराने ते नाव उत्तरेकडच्या खंडालाही लावून टाकलं. एकदा छापून बाहेर पडलेलं माघारी घेता येत नाही, हे त्या काळीही तितकंच खरं होतं.

शिकाऊ मुलं कामाला आली की मी त्यांना एक साधं काम देतो. ६ सप्टेंबर १५२२ ला ‘व्हिक्टोरिया’ जहाजातून स्पेनच्या सानलुकार बंदरात जी अठरा माणसं उतरली, त्यांतल्या किती जणांची नावं सांगता येतात ते बघा. पाच जहाजं आणि सुमारे अडीचशे माणसं निघाली होती, तीन वर्षांनी एक गळकं जहाज आणि अठरा जण उरले, पृथ्वीला पहिली फेरी मारून. बहुतेकांना एकही नाव सांगता येत नाही. सगळे ‘मॅगेलन’ म्हणतात, आणि तो त्या अठरांत नव्हताच. २७ एप्रिल १५२१ ला फिलिपिन्समधल्या माक्तान बेटावरच्या लढाईत तो मारला गेला होता. त्यानंतर वाताहत झालेल्या ताफ्यातलं ते जहाज हिंदी महासागर ओलांडून, आफ्रिकेला वळसा घालून, पोर्तुगीजांना चुकवत घरी आणलं ते हुआन सेबास्तियान एल्कानो या बास्क नाखव्याने. जहाजात लवंगा इतक्या होत्या की गेलेल्या जहाजांचा खर्चही बऱ्याच अंशी भरून निघाला. राजाने त्याला वर्षासन दिलं, मानचिन्ह दिलं. त्या मानचिन्हावर लवंगा, जायफळं, दालचिनी आणि वर पृथ्वीचा गोल. गोलावर लॅटिन ओळ: ‘मला प्रथम प्रदक्षिणा घालणारा तू’.

एवढा मान मिळूनही माणूस मागे पडला. त्या अठरांमध्ये एक होता व्हिचेन्झाचा अंतोनिओ पिगाफेत्ता. पेशाने खलाशी नव्हे. जग बघायचं म्हणून हा तरुण सफरीत सामील झालेला. रोज काहीतरी टिपून ठेवायचा त्याला नाद. लोकांचे शब्द, झाडं, माशांच्या सवयी, कुणी काय खाल्लं, उपासमारीत चामडं कसं भिजवून भाजलं. मॅगेलनवर त्याची भक्ती होती. एल्कानोने मात्र १५२० मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर सान हुलियान इथे मॅगेलनविरुद्ध झालेल्या बंडात भाग घेतला होता. माफी मिळाली म्हणून तो वाचला. पिगाफेत्ताने ते मनात धरलं असावं. कारण त्याच्या अख्ख्या वृत्तांतात एल्कानोचं नाव एकदाही येत नाही. ज्याच्या हाताखाली तो घरी पोचला त्या कप्तानाचं नाव, एकदाही नाही! पहिल्यांदा वाचताना मला खरं वाटेना, परत पहिल्या पानापासून चाळून बघितलं.

सफरीची दुसरी टिपणं आहेत, सुकाणू सांभाळणाऱ्यांच्या नोंदी आहेत, परतलेल्यांच्या जबान्यांवरून लिहिलेलं एक छापील पत्रही आहे. पण वाचायला गोडी पिगाफेत्ताचीच. म्हणून जगाने सफर त्याच्या डोळ्यांनी बघितली. शिवाय दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या सामुद्रधुनीला मॅगेलनचं नाव लागलं होतं, ते नकाशावर पक्कं बसलं. इथे ‘देश आपल्या माणसाला मोठं करतो’ हे नेहमीचं स्पष्टीकरणही लंगडं पडतं. मॅगेलन जन्माने पोर्तुगीज, चाकरीला स्पेनच्या. एकाला तो फितूर वाटे, दुसऱ्याला परका. दोघांनीही सुरुवातीला त्याला फार डोक्यावर घेतलं नाही. त्याला तारलं ते त्या टिपणवहीने.

याच्याच जोडीला मार्को पोलो आणि विल्यम ऑफ रुब्रुक यांची तुलना मला नेहमी सुचते. रुब्रुक हा फ्रान्सिस्कन साधू १२५३ ते १२५५ मध्ये मंगोल खानाच्या काराकोरम या राजधानीपर्यंत जाऊन आला, म्हणजे मार्को पोलो जन्मायच्या सुमाराला. माझ्या मते निरीक्षक म्हणून तो पोलोपेक्षा सरस. कॅस्पियन हा चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला समुद्र आहे, महासागराचा फाटा नव्हे, हे त्याने स्वतः बघून लिहिलं. बोलताना दुभाषा कुठे घोटाळा करतो, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. पण हे सगळं लिहिलं कुणाला? फ्रान्सच्या राजाला, नवव्या लुईला, अहवाल म्हणून. एका माणसासाठी लिहिलेला कागद त्याच्याच कपाटात राहतो. रॉजर बेकन या इंग्रज विद्वानाने तो वाचला आणि वापरला. बाकी त्याची हस्तलिखितं बोटांवर मोजण्याइतकीच. पोलोला मात्र १२९८ मध्ये जिनोव्हाच्या कैदेत पिसाचा रुस्तिकेल्लो भेटला. हा राजेरजवाड्यांच्या साहसकथा लिहिणारा लेखक. मजकूर एकाचा, सांगण्याची हातोटी दुसऱ्याची. पोलोच्या पुस्तकाची दीडशेच्या आसपास हस्तलिखितं आजही आहेत, अनेक भाषांतली. कोलंबसाच्या मालकीची त्याची छापील प्रत सेव्हिलला जपून ठेवली आहे, समासात टिपणं केलेली.

(उलट्या दिशेचा प्रवासीही होता. राब्बान बार सौमा नावाचा ख्रिस्ती साधू आजच्या बीजिंगहून निघून इराणमार्गे १२८७-८८ मध्ये रोम आणि पॅरिसला आला, फ्रान्स आणि इंग्लंडच्या राजांना भेटला. त्याचा वृत्तांत सिरियाक भाषेत. युरोपला त्याचा पत्ता लागला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला.)

आता जरा वेगळी बाजू. कधी कधी नाव राहत नाही ते निष्काळजीपणाने नव्हे, तर मुद्दाम. नवी वाट ही व्यापाराची गुपित चावी असे. स्पेनने १५०३ मध्ये सेव्हिलला जे व्यापारगृह काढलं, तिथे एक अधिकृत मूळ नकाशा राखला जाई आणि परक्याच्या हाती तो जाऊ नये याची काळजी घेतली जाई. लुईस वाएस दे तोरेस १६०६ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्या मधून पार गेला. त्याचा अहवाल स्पेनच्या दफ्तरात बंद. दीडशेहून अधिक वर्षांनी अलेक्झांडर डॅलरिम्पल या स्कॉटिश भूगोलतज्ज्ञाला या सफरीचा उल्लेख असलेला कागद मिळाला आणि सामुद्रधुनीला तोरेसचं नाव लागलं. या बाबतीत तो नशीबवान म्हणायचा. असे किती अहवाल वाळवीने खाल्ले असतील याची मोजदाद नाही.

कागद टिकला, सुटला, छापलाही गेला, तरी काम पुरं होत नाही. पुढे कुणाला तरी तो माणूस हवा असावा लागतो. जॉन कॅबट घ्या. १४९७ मध्ये इंग्लंडच्या सातव्या हेन्रीच्या झेंड्याखाली तो उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला. आजच्या अमेरिका या देशाच्या मुख्य भूमीवर कोलंबसाने कधीच पाय ठेवला नाही, तेव्हा उत्तर अमेरिकेने मिरवायचा तर कॅबट मिरवावा. राजाच्या खर्चाच्या वहीत ‘नवं बेट शोधणाऱ्याला दहा पौंड’ अशी नोंद आहे, नाव नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा निघाला, त्या ताफ्याचं काय झालं त्याचा धड पत्ता नाही. त्याच्या हातचा एकही वृत्तांत नाही. वर मुलगा सेबास्तियन असा निघाला की बापाचं श्रेय त्याने बिनदिक्कत स्वतःकडे वळू दिलं. तीनेक शतकं लोक मुलालाच शोधक समजत होते. कोलंबसाला एर्नांदो मिळाला, कॅबटला सेबास्तियन. ज्याचं त्याचं नशीब.

पण घाव बसला तो अमेरिकेच्या स्वातंत्र्यानंतर. ब्रिटिशांशी लढून नुकत्याच मोकळ्या झालेल्या देशाला मूळपुरुष हवा होता आणि तो इंग्लंडच्या राजाचा चाकर असून चालणार नव्हता. कोलंबस सोयीचा होता. तीनशे वर्षांपूर्वीचा, इंग्रजांशी संबंध नाही, शिवाय राजाने ज्याला उपेक्षेने मारलं अशी हळवी कथा सोबत. न्यूयॉर्कचं किंग्ज कॉलेज १७८४ मध्ये कोलंबिया झालं. १७९१ मध्ये राजधानीच्या प्रदेशाला तेच नाव मिळालं. शंभर वर्षांनी इटालियन स्थलांतरितांचा लोंढा आला. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला अकरा इटालियनांना जमावाने ठार मारलं, आणि दुसऱ्याच वर्षी कोलंबसाच्या सफरीच्या चारशेव्या वर्षाचा उत्सव देशभर झाला. ‘आम्हीही या देशाचे’ हे सांगायला त्या समाजाला कोलंबसाहून भक्कम आधार कुठला? कॅबटही इटालियनच होता, व्हेनिसचा नागरिक, झुआन काबोतो. पण तोवर त्याच्यासाठी जागा उरली नव्हती.

चीनच्या झेंग हे या दर्यावर्दीचं असंच. १४०५ ते १४३३ या काळात सात सफरी, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत, कोलंबसाच्या तीन जहाजांची कीव यावी असे ताफे. पुढे दरबाराचं धोरण फिरलं, समुद्राकडे पाठ झाली, सफरींच्या सरकारी नोंदी नाहीशा झाल्या. सोबत गेलेल्या मा हुआनसारख्यांची वर्णनं राहिली म्हणून तो पुरता पुसला गेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीन सगळीकडून अपमानित झालेला असताना लियांग छीचाओ या विचारवंताने त्याच्यावर लिहून त्याला पुन्हा उभं केलं. २००५ मध्ये पहिल्या सफरीला सहाशे वर्षं झाली, तेव्हापासून ११ जुलै हा चीनचा सागरी दिन. अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी वास्को द गामाच्या तीसेक वर्षं आधी चौलला उतरला, जुन्नर-बिदर हिंडला. त्याची टिपणं साडेतीनशे वर्षं मठातल्या पोथीत पडून होती, करमझिन या इतिहासकाराला ती सापडली. पुतळा, चित्रपट वगैरे झालं ते १९५० च्या दशकात, जेव्हा मॉस्को आणि दिल्लीला जुन्या मैत्रीचा दाखला हवा होता.

मग लायकीला काहीच किंमत नाही का, असं कुणी विचारेल. आहे. जेम्स कुकचे नकाशे खरोखरच उत्तम होते आणि खलाशी ते वापरत राहिले. वापरातली वस्तू करणाऱ्याचं नाव टिकवते. पण त्याच्याच जहाजावर रायआतेआ बेटाचा तुपाइया होता, डोक्यात सत्तरेक बेटं पाठ असलेला पुरोहित-नावाडी. त्याच्याकडून काढून घेतलेल्या नकाशाची प्रत आहे, ती कुकच्या हातची. तुपाइया १७७० मध्ये बटाविया (आजचं जकार्ता) इथे वारला. त्याच्या लोकांची विद्या तोंडी चालत आलेली. लिहून ठेवायची रीत त्यांच्यात नव्हती.

सोबत्यांचा हा प्रकार सगळ्यात ठळक दिसतो तो आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंग्स्टनच्या थडग्यावर. १८७३ च्या मे महिन्यात तो आजच्या झांबियात वारल्यावर चुमा, सुसी आणि इतरांनी त्याचं शव दीड हजार किलोमीटर चालत किनाऱ्यावर आणलं. नाशिकच्या मिशनशाळेत शिकलेला जेकब वेनराइट त्यांच्यात होता. त्याने प्रार्थना म्हटली, झाडावर मजकूर कोरला, स्वतःची रोजनिशीही ठेवली. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या शिळेवर लिहिलंय की निष्ठावंत हातांनी भूमी आणि समुद्र ओलांडून त्याला इथे आणलं. कुणाचे हात, ते लिहिलेलं नाही.

शेवटी किंथुपबद्दल सांगतो, कारण वरचं सगळं एकाच माणसाच्या वाट्याला आलं. भारतीय सर्वेक्षण खात्याने एकोणिसाव्या शतकात तिबेटात जी माणसं गुपचूप पाठवली, त्यांची नावंही गुपित असत. नैनसिंग रावत शंभर मण्यांची जपमाळ ओढत, दर शंभर पावलांना एक मणी सरकवत ल्हासाला जाऊन आला. अहवालात तो नुसता ‘पंडित’. त्याला निदान १८७७ मध्ये लंडनच्या भूगोल संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. किंथुप सिक्कीमचा, निरक्षर. १८८० मध्ये त्याला एका लामाचा नोकर म्हणून धाडलं. तिबेटातली त्सांगपो नदी हीच पुढे ब्रह्मपुत्रा होते का, ते बघायचं होतं. खुणेचे ओंडके त्सांगपोत सोडायचे, खाली आसामात माणसं ते येतात का बघत बसतील, अशी योजना.

लामाने वाटेत त्याला एका अधिकाऱ्याला विकलं आणि तो चालता झाला. किंथुप तिथून पळाला. मारपुंग मठाच्या मुख्य लामाने पन्नास रुपये मोजून त्याला पकडणाऱ्यांच्या हातून सोडवलं, म्हणजे आता तो मठाचा बांधलेला. घरी पळून जायचं सोडून या माणसाने काय करावं? तीर्थयात्रेच्या नावाने सुटी मागितली आणि जंगलात जाऊन फूट-फूट लांबीचे पाचशे ओंडके तोडून खुणा करून लपवून ठेवले. पुन्हा सुटी मागितली, ल्हासाला गेला, तिथल्या एका सिक्कीमच्या माणसाकडून दार्जिलिंगला पत्र लिहवलं की अमुक दिवसांपासून रोज पन्नास ओंडके सोडतो. परत मठात येऊन चाकरी केली. ठरल्या दिवसांत रोज पन्नास याप्रमाणे सगळे ओंडके नदीत सोडले. पत्र वेळेवर पोचलंच नव्हतं, त्याला पाठवणारा अधिकारी भारत सोडून गेला होता, आणि खाली नदीवर बघायला कुणीही नव्हतं.

१८८४ मध्ये तो परत आला आणि दुसऱ्याला तोंडी सगळं सांगितलं. लिहून घेताना, भाषांतर करताना गडबड झाली. नदीवरचा तीसेक फुटांचा धबधबा आणि दुसरीकडे एका ओढ्यावरचा दीडशे फुटांचा धबधबा यांचा एकच भलामोठा धबधबा झाला. जग तो धबधबा शोधत राहिलं आणि किंथुपच्या बाकी हकिकतीवर भले भले अविश्वास दाखवत राहिले. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे दोन अधिकारी त्या खोऱ्यात प्रत्यक्ष फिरले, तेव्हा त्याने सांगितलेल्या वाटा जागच्या जागी निघाल्या. बेलीने परतल्यावर किंथुपचा शोध लावला. तो दार्जिलिंगमध्ये शिंपीकाम करत होता. धबधब्याचं काय, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की मी दोन सांगितले होते.

बेलीने त्याला पेन्शन मिळावी म्हणून खटपट केली. ती मिळाली नाही. सरकारने एकरकमी हजार रुपये मंजूर केले, आणि ते घेऊन गावी परतल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला.